डाव्या बाजूचा आरसा

गेल्या चैत्रात माझा पुतण्या निखिल मला इंदूरमधल्या विजय नगरच्या एका शोरूममध्ये घेऊन गेला. त्याला एसयूव्ही घ्यायची होती आणि बजेट ठरलेलं होतं. "काका, तुम्ही जन्मभर गाड्या विकल्या, आज माझ्या बाजूने बसा," असं म्हणून त्याने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत बसायची माझी पहिलीच वेळ. समोरची मुलगी हुशार होती. दहा मिनिटांत तिने निखिलची नोकरी, घरातली माणसं, हप्ता किती झेपेल हे सगळं काढून घेतलं आणि दोन मॉडेलं पुढे ठेवली. एकाला छतात उघडणारी काच, दुसऱ्याला मागचं दाखवणारा कॅमेरा. बजेटात दोन्हीपैकी एकच बसत होतं. निखिलची बायको छताकडे बघत होती. मुलगी हसून म्हणाली, "सर, मागचं तर कोणी पण उतरून सांगतं. सनरूफ की बात अलग है."

मी ताडकन उठलो. "कॅमेऱ्याची घे, नाहीतर घेऊच नकोस," असं इतक्या जोरात म्हणालो की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग बाहेर येऊन पायरीवर बसलो. निखिलला वाटलं माझं बीपी वाढलं. मी तसंच वाटू दिलं.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडून धंद्यातले गमतीदार अनुभव मागितले आहेत. गमतीदार अनुभव माझ्याकडे पोतंभर आहेत. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट वर येते, आणि ती गमतीची नाही. एका गाडीला मी डाव्या बाजूचा आरसा लागू दिला नाही, आणि त्यात एका बाईचा जीव गेला. कायद्याने मला दोष दिला नाही. मी मात्र तो माझाच मानतो.

तेव्हा एसयूव्ही हा शब्द इंदूरात कोणी ऐकला नव्हता. लांबलचक, उंच, डिझेलवर चालणारी, मागे समोरासमोर बाकं असलेली दहा जणांची गाडी असे. शेठ लोक तिला 'बडी गाडी' म्हणत आणि बाकीचे सगळे जीप. परवान्यांचे दिवस सरले, नवनवी मॉडेलं आली, कर्ज घ्या म्हणून बँका मागे लागल्या, आणि ज्यांनी सायकलीपलीकडे वाहन घेतलं नव्हतं अशी माणसं आमच्या काचेच्या दाराशी येऊन उभी राहू लागली. मी तिथे सेल्समन होतो. शोरूमचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. गाडीत काही खोट नव्हती, आणि ते शोरूम आता राहिलेलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सेल्समन गाडीचे गुण सांगतो. गुण गिऱ्हाइकाला आधीच पाठ असतात. तो शेजाऱ्याच्या गाडीत बसून आलेला असतो. आमचं खरं काम म्हणजे 'बसवणं'. गाडी गिऱ्हाइकाच्या बजेटात बसवायची. मी तीन प्रश्न विचारत असे. गाडीत कोण बसणार, कुठल्या रस्त्यावर चालणार, आणि चालवणार कोण. मग एकेक गोष्ट काढायला सुरुवात. टेप काढा, मागचा वायपर काढा, जादा दिवे काढा. सगळ्यांत खालच्या मॉडेलला कंपनी आरसाही एकच द्यायची, उजव्या हाताचा, ड्रायव्हरच्या बाजूचा. डावा हवा तर पैसे वेगळे. इतकं काढल्यावर गिऱ्हाईक हिरमुसतं, म्हणून शेवटी काहीतरी हातावर ठेवायचं. सीट कव्हर, पायपुसणी, डॅशबोर्डवर गणपती. जे दिसतं ते द्यायचं आणि जे दिसत नाही ते काढायचं, ही आमची विद्या. मी त्यात पटाईत होतो आणि त्याचा मला गर्वही होता.

फक्त एकदा माझी विद्या चालली नाही. महूचे एक रिटायर्ड सुभेदार आले होते, आपलेच मराठी, फौजेत गाड्या शिकवण्यात आयुष्य गेलेलं. इस्त्रीच्या पँटीत ते सरळ गाडीखाली शिरले आणि पाच मिनिटांनी बाहेर आले. म्हणाले, "खालचं मी पाहिलं. आता वरचं खोटं तुम्ही सांगा." मी नेहमीप्रमाणे आरसा काढून कव्हर देऊ केलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि जायलाच निघाले. "आमच्या इथं डावा आरसा फुटला तर गाडी गेटबाहेर जात नसे. तुम्ही बिनआरशाची विकता आणि वर हसता?" मी मुकाट्याने आरसा लावून दिला. ते गेल्यावर आम्ही सगळे त्यांच्या मिशांवर आणि त्या पँटीवर हसलो. त्यांचं म्हणणं मी कानाआड केलं.

त्याच सुमारास मिल एकापाठोपाठ एक बंद पडत होत्या. भोंगे थांबले, पाळ्या थांबल्या. बरीच वर्षं रखडल्यावर कोणाकोणाला त्यांचा 'हिशेब' मिळाला. मिल सुटल्यावर हातात पडणाऱ्या रकमेला हाच शब्द होता. कोणी किराणा दुकान टाकलं, कोणी मुलीचं लग्न उरकलं, आणि काही जण जीप घ्यायला आमच्याकडे आले. ही माणसं लगेच ओळखू यायची. काचेच्या दाराबाहेर चपला काढून आत यायची.

रघुनाथराव मोरे तसेच आले. पन्नाशीचा माणूस, धुतलेला पांढरा सदरा, केस पाणी लावून बसवलेले. बरोबर त्यांची बायको, कमलवहिनी, हातात प्लास्टिकच्या वायरची पिशवी. रघुनाथरावांनी आल्या आल्या विचारलं, "तुम्ही पुराणिकजी ना? टाइम ऑफिसवाल्या पुराणिकांचे?"

माझे वडील मिलच्या गेटावर हजेरी लिहिणारे कारकून होते. रघुनाथराव त्याच मिलमध्ये लूमखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, तीस वर्षं होते. बाबांचं नाव निघाल्यावर मी चहा मागवला. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांनी कधी कोणाची खोटी गैरहजेरी नाही लावली. म्हणून सरळ तुमच्याकडेच आलो. दुसऱ्याकडे जाऊन फसायचं कशाला?"

सांवेर रोडवरच्या एका पॅकिंगच्या कारखान्याने त्यांना तोंडी काम कबूल केलं होतं. मिल एरियातल्या बायकांना सकाळी कारखान्यात सोडायचं आणि संध्याकाळी घरी आणायचं. त्यासाठी दहा जणांची नवी गाडी हवी होती. जुनी त्यांना परवडली असती, पण बँक जुनीला कर्ज देत नव्हती. रघुनाथरावांनी वायरच्या पिशवीवर हात ठेवला. "इतकेच आहेत, पुराणिकजी. तीस साल की नौकरी है इसमें. यातच बिठवा. याच्या पुढे घरात काही नाही."

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"मीच. मिलच्या ट्रकवर हात साफ केलाय."

मी बोलत असताना ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत. नजर हलत नसे. मी मनात म्हटलं, काय मन लावून ऐकतो हा माणूस, गिऱ्हाईक असावं तर असं. मी मान वळवून शिपायाला काही सांगितलं की ते वहिनींकडे बघत आणि वहिनी माझं वाक्य त्यांना परत सांगत. बायका सांगतात तसं समजावून सांगत असतील, असं मला वाटलं.

ट्रायलला मी त्यांना सांवेर रोडकडेच घेऊन गेलो. हात खरंच चांगला होता. गिअर लोण्यासारखे टाकत. मागे एक ट्रक कधीचा हॉर्न मारत होता, पण रघुनाथरावांनी काही त्याला वाट दिली नाही. मी म्हटलं, माणूस दिसतो गरीब, पण आहे हिमतीचा. परत आल्यावर इंजिन बंद केलं आणि ते खूश होऊन म्हणाले, "क्या बात है! एकदम शांत गाडी आहे हो."

शांत! त्या डिझेल इंजिनाचा आवाज असा होता की आत बसलेल्या दोघांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागे. आमचे शेठजी म्हणत, "इस गाडी में झगडा नहीं हो सकता, सुनेगा कौन?" मी शोरूममध्ये ती गोष्ट सांगितली. पुढे कितीतरी दिवस आवाजाची तक्रार आली की आम्ही एकमेकांकडे बघून "शांत गाडी" म्हणायचो आणि हसायचो.

मग बसवणं सुरू झालं. टेप गेला, वायपर गेला. तरी थोडं वर जात होतं. तेव्हा मी हप्त्यांची मुदत वाढवली आणि गाडी बरोबर बजेटात आणून ठेवली. रघुनाथरावांनी हात जोडले. वहिनी मात्र उठून गाडीभोवती एक फेरी मारून आल्या.

"भाऊजी, या बाजूला आरसा नाही का?"

"मिळतो ना वहिनी, पण पैसे वेगळे पडतात. त्यापेक्षा तेवढ्यातच मी सगळ्या सीटांना कव्हर घालून देतो. कारखान्याच्या बायका बसणार, सीट खराब नाही होणार. गाडी पण उठून दिसेल."

"पण ह्यांना डाव्या अंगाचं मागचं कसं दिसेल?"

"तुम्ही आहात ना! घरात बायको असताना नवऱ्याला आरसा कशाला?"

वहिनी हसल्या. रघुनाथरावांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, वहिनींनी माझा विनोद त्यांना परत सांगितला, मग तेही हसले. मी कव्हरांची ऑर्डर लिहिली. मरून रंगाची. कव्हरांवर मला दुकानदाराकडून कमिशन मिळायचं, आरशावर मिळायचं नाही. मनात दुसरं काही नव्हतं, एवढं लहान कारण होतं.

लायसन्सवर प्रवासी नेण्याची नोंद करून घ्यायची होती. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, डोळे आणि कान ठीक आहेत म्हणून. तेही आम्हीच करून देत असू. आमचा एक एजंट होता, त्याच्याकडे सह्या केलेल्या कोऱ्या दाखल्यांची चवडच असे. मी नाव आणि वय सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दाखला आला. रघुनाथरावांना कोणी तपासलं नाही. "कशाला चक्कर मारता, आम्ही आहोत ना," असं मी मोठ्या दिमाखात त्यांना सांगितलं होतं.

गाडी दिली त्या दिवशी नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली, किल्ली वहिनींच्या हातात दिली. माझी एक पद्धत होती. पहिल्या दिवशी मी गाडीबरोबर गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जात असे. गाडी उभी कुठे राहणार हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. मोऱ्यांची गल्ली म्हणजे चाळीच्या दोन ओळींमधली चिंचोळी वाट. गाडी तोंडाने आत जायची आणि निघताना उलटीच बाहेर काढावी लागायची. डाव्या हाताला भिंत, आणि त्या भिंतीला जागोजाग दगडी ओटे. मागे कोणी उभं राहून सांगितल्याशिवाय गाडी निघणं अशक्य होतं.

मी वहिनींना गाडीच्या मागे उभं केलं आणि ट्रकवाल्यांची रीत शिकवली. मागच्या पत्र्यावर हाताने थाप मारायची. दोन थापा म्हणजे येऊ दे, आणि एक थाप म्हणजे थांब. वहिनींनी दोन थापा मारल्या, गाडी मागे आली. एक मारली, जागच्या जागी थांबली. रघुनाथराव खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "बराबर कळतं! पाठीला कळतं, सीटमधून."

वहिनी म्हणाल्या, "ह्यांना हाकेपेक्षा थाप बरी, भाऊजी."

मी म्हणालो, "सगळ्याच नवऱ्यांना!" आणि जमलेली चाळ हसली. माझा धंदा जिभेचा होता, आणि जीभ तयार असली की कान कामाला लावावे लागत नाहीत. त्या बाईने मला समजेल अशा भाषेत दोनदा सांगितलं होतं.

सात-आठ महिने उत्तम गेले. रघुनाथराव सर्व्हिसिंगला येत तेव्हा गाडी लख्ख पुसलेली असे. सकाळची पाळी, संध्याकाळची पाळी, एक दिवस खाडा नाही. हप्ते वेळेवर जात. एकदा म्हणाले, "मिल बंद पडली त्या दिवशी वाटलं होतं, आता भीकच. आता कमल म्हणते, दुसरी गाडी कधी?" त्यांना दुसरी गाडी विकायची म्हणून मी मनात जागाही करून ठेवली. आपण एका माणसाला उभं केलं, असं मी घरी जेवताना बायकोला सांगत असे.

मग थंडीतल्या एका सकाळी आमच्या वर्कशॉपचे मिस्त्री कामावर उशिरा आले आणि सरळ माझ्या टेबलाशी उभे राहिले. ते त्याच भागात राहत. म्हणाले, "पुराणिकजी, वो मोरेजी की घरवाली खतम हो गई. गाडी के पीछे."

झालं होतं असं. रोजच्यासारखी वहिनींनी दोन थापा मारल्या आणि गाडी हळूहळू मागे येऊ लागली. गल्लीत डाव्या बाजूला कोणीतरी भाजीचा ठेला आडवा लावून ठेवला होता. तो बाजूला करायला वहिनी गाडीच्या डाव्या अंगाने पुढे झाल्या. गाडी चालूच होती. ठेल्याचं चाक अडकलं, त्या वाकल्या, आणि गाडीचा मागचा कोपरा त्यांच्यावर येऊन त्या ओट्याशी दाबल्या गेल्या. उजव्या आरशात यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पत्र्यावर थाप मारली.

पण चिरडला जाणारा माणूस एक थाप मारून थांबत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी मारल्या, मारतच राहिल्या. रघुनाथरावांच्या पाठीला थापांवर थापा कळल्या. ये, ये, अजून ये. गाडी कशाला तरी अडते आहे, असं वाटून त्यांनी पाय आणखी दाबला. चाळ किंचाळत होती. शेवटी कोणीतरी पळत गाडीच्या पुढे येऊन हात हलवले, तेव्हा कुठे त्यांनी ब्रेक मारला. दवाखान्यात नेईपर्यंत वहिनी राहिल्या नाहीत.

मिस्त्री म्हणाले, "उनको सुनाई कहाँ देता था. लूमवाले हैं. आपको मालूम नहीं था क्या?"

मला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत असायला हवं होतं, आणि ते मला जास्त लागलं. लूमखात्यात शेकडो माग एकाच वेळी चालतात. तिथे माणूस माणसाशी बोलू शकत नाही, म्हणून ते एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. दहा-वीस वर्षांत कान जातात. आमचे बाबा लूमखात्यातल्या माणसाशी बोलताना त्याच्या समोर उभे राहत आणि तोंड मोठं उघडून एकेक शब्द सावकाश म्हणत. लहानपणी आम्ही भावंडं घरात त्यांची नक्कल करायचो. ज्या घरात हे मी रोज पाहिलं, त्या घरातला मी, आणि माझ्या ओठांकडे बघणारा माणूस मला मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक वाटला.

मी अंत्ययात्रेला गेलो नाही. तेराव्यालाही गेलो नाही. शोरूममध्ये काम आहे म्हणून घरी सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटली, चाळीतलं कोणी तोंडावर विचारेल, आरसा का नाही दिलात? पोलिसांनी अपघाताची नोंद करून प्रकरण मिटवलं. दाखल्याबद्दल कोणी विचारलं नाही. एजंट मला म्हणाला, "भिया, अपना नाम कहीं नहीं है, टेन्शन मत लो." त्याच्या त्या वाक्याने मला हायसं वाटलं, आणि हे लिहिताना अजून लाज वाटते.

महिनाभराने रघुनाथराव स्वतःच आले. चपला बाहेर काढल्या. माझ्या टेबलावर किल्ली ठेवली.

"गाडी विकून द्या, पुराणिकजी."

मी समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश म्हणालो, "चुकलं माझं, रघुनाथराव. आरसा मी काढला. दाखला पण मीच—"

त्यांनी हाताने थांबवलं. "चूक कोणाची ते मी नाही विचारत. मी गाडी चालवत होतो." मग किल्ली माझ्याकडे सरकवून म्हणाले, "एक काम करा माझं. त्या वक्ताला ती काहीतरी ओरडत होती. सगळ्या चाळीने ऐकलं. मीच नाही ऐकलं. मी विचारलं की सगळे माना फिरवतात. मान फिरवली की मला काही कळत नाही हो. तुम्ही टाइम ऑफिसवाल्यांचे आहात. तुम्ही विचारा आणि मला खरं सांगा."

गाडी मी विकली. बाहेरगावच्या माणसाला, पंधरा दिवसांत. त्याला काही सांगितलं नाही. गाडी निघण्यापूर्वी मात्र माझ्या खर्चाने तिला डावा आरसा लावला आणि त्याबद्दल त्या माणसाने माझे आभार मानले, तेही मी ऐकून घेतले. मोऱ्यांच्या गल्लीत जायला मला आणखी आठवडा लागला.

त्यांच्या समोरच्या खोलीत इंदूमावशी म्हणून म्हातारी राहत होती. अपघाताच्या सकाळी ती दारातच दात घासत उभी होती. मी विचारल्यावर तिने आधी दार लोटून घेतलं.

"तुला कशाला पाहिजे?"

"त्यांनी विचारायला पाठवलंय, मावशी."

 म्हातारी पदर तोंडाशी घेऊन म्हणाली, "आधी अहो, अहो करत होती. लई जोरात. मग तिने नाव घेतलं रे त्याचं. तीस साल झाले शेजाराला, लग्नाकार्यात उखाण्यात घेतलं असेल तितकंच. एरवी आम्ही चिडवायचो तरी घ्यायची नाही, लाजून आत जायची. त्या दिवशी राव नाही, काही नाही. नुसतं रघुनाथ, रघुनाथ म्हणून ओरडत होती. आवाज जाईपर्यंत तेच." तिने लोटलेल्या दाराकडे बघितलं. "हे त्याला कोणी कसं सांगायचं, तूच सांग. म्हणून आम्ही मान फिरवतो."

मी गल्ली ओलांडताना दोन खोटी उत्तरं तयार केली. देवाचं नाव घेत होत्या, असं सांगता आलं असतं. लगेच गेल्या, काही बोलल्याच नाहीत, असंही सांगता आलं असतं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकाला आवडेल तेच बोलत आलो होतो, हे काही अवघड नव्हतं. रघुनाथराव दारात पाटावर बसले होते. आत अंधार होता. मला बघून ते उठले, माझा हात धरून मला बाहेर उन्हात आणलं आणि माझं तोंड उजेडाकडे केलं.

"हाँ. बोला."

मी म्हणालो, "आधी अहो म्हणाल्या. मग तुमचं नाव घेतलं."

त्यांना कळलं नाही, किंवा पटलं नाही. "काय घेतलं?"

"नाव. तुमचं. रघुनाथ म्हणाल्या."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. डोळ्यांची पापणी हलली नाही. मग म्हणाले, "फिरून म्हणा. तिने म्हटलं तसं."

त्यांच्याहून वयाने इतका लहान मी, मलाही ते नाव नुसतं घेणं जड गेलं. मी म्हणालो, "रघुनाथ."

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा म्हणताना मला दिसलं, त्यांचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलत होते. मी थांबलो, तरी ते हलतच राहिले.